टीबी आणि एचआयव्ही : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

कोल्हापुरातल्या काही व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'एचआयव्हीवाल्याला टीबी झाला की उपचार करून उपयोग नाही, आणि त्याच्या खोकल्यातून घरच्यांना दोन्ही रोग लागतात.' हे चुकीचं आहे, आणि वाचून माणसं उपचार सोडतील म्हणून जास्त घातक आहे.

खोकल्यातून टीबी पसरू शकतो, हे खरं. एचआयव्ही मात्र खोकला, ताट-वाटी, शेजारी झोपणं यातून कधीच पसरत नाही.

एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटते, त्यामुळे टीबीचा धोका अनेक पटींनी वाढतो. जगभर एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण टीबीच आहे. पण तो बरा होतो! साध्या टीबीची औषधं साधारण 6 महिने चालतात, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, बंद करायची नसते. नवीन रुग्णाला तीही बहुधा 2 आठवड्यांत सुरू करतात. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असताना डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाची गोळी सहसा दिवसातून दोनदा लागते, म्हणून टीबी आणि एचआयव्ही अशा दोन्ही डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा.

एचआयव्ही असलेल्याने खोकला 2 आठवड्यांचा होण्याची वाट बघू नये. खोकला, ताप, रात्रीचा घाम, घटतं वजन, यातलं एकही दिसलं तर लगेच तपासणी. थुंकीची साधी तपासणी अशा रुग्णांत कधीकधी निगेटिव्ह येते, तेव्हा सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या जास्त अचूक तपासण्यांबद्दल विचारा. टीबी नसेल तर प्रतिबंधक गोळ्याही मिळतात.

शंका असेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात विचारा, किंवा 1097 या एचआयव्ही हेल्पलाइनवर मोफत फोन करा.