बांगडी दाबायची नसते

गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की नाशिककर दोनच प्रश्न विचारतो. गंगापूर धरणातून किती सोडलं? आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं? पहिल्याचं उत्तर क्युसेकमध्ये येतं, ते ऐकून सगळे गंभीरपणे मान हलवतात आणि कुणाला काही कळत नाही. दुसऱ्याचं उत्तर ‘गुडघ्याला’, ‘कमरेला’, ‘छातीला’ असं येतं, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

तर त्या श्रावणात मारुतीराया कमरेपर्यंत बुडाल्याची खबर आली आणि मी कॅमेरा घेऊन पुलावर धावले. पाण्याची चकाकी मारायला लेन्सवर पोलरायझर नावाचा फिल्टर चढवला. याची पुढची कडी फिरवत गेलं की पाण्यावरून उसळलेला उजेड अडतो आणि खालचं दिसायला लागतं. पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांच्या तिरप्या नजरेनं पाहिलं तर ही जादू सगळ्यात छान चालते. मी कडी फिरवली, चकाकी गेली आणि खालून निघाला नुसता चहा. पुराचं पाणी! त्याच्या पोटात काय दिसणार, कप्पाळ? तेवढ्यात मागून दोघातिघांचे धक्के बसले, वारा सुटला, आणि एवढ्या पैशांची काच गोदार्पण होऊ नये म्हणून मी पोलरायझरला आणखी एक पीळ दिला.

तोच तो पीळ.

इथे एक कबुली द्यायला हवी. पोलरायझरच्या खाली आधीच एक यूव्ही फिल्टर बसलेला होता. लेन्स घेतली तेव्हा दुकानदारानं तो ‘मॅडम, काचेला संरक्षण’ म्हणून गळ्यात मारला होता. डिजिटल कॅमेऱ्यात अतिनील किरणांचा बंदोबस्त सेन्सरपुढच्या काचेनं आधीच केलेला असतो, म्हणजे या दुसऱ्या काचेचं काम काय, तर आपटलं की लेन्सच्या आधी फुटायचं. ती फुटली नाही. ती रुतून बसली. आता खाली लेन्स, वर यूव्ही, त्याच्या वर पोलरायझर, आणि तिघांचं असं काही मेतकूट जमलं की माझ्या दोन्ही हातांना कुणी दाद देईना.

रविवारी नणंदेच्या मुलाचं बारसं. हॉलमध्ये आधीच अंधार, त्यात येणाऱ्या उजेडातला निम्म्याहून अधिक पोलरायझरच गिळणार. म्हणजे शटर जास्त वेळ उघडं, आणि जे हललं ते पुसट. फोटोंत पाळणा अगदी स्वच्छ आला आहे. पाळण्याभोवती मात्र ‘कुणी गोविंद घ्या’ म्हणणारी धुक्याची चार-पाच लुगडी दिसतात. नणंद अजून तो विषय काढते.

“आण इकडे. त्यात काय,” नवरा म्हणाला. आमच्या घरात लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायचा मान त्याचा आहे. त्यानं फिल्टर चिमटीत धरला, दात-ओठ खाल्ले आणि पिळायला लागला. पाच मिनिटांनी आनंदानं ओरडला, “सुटतंय! सुटतंय!” सुटत काही नव्हतं. पोलरायझरची पुढची कडी जन्मभर गोल फिरण्यासाठीच केलेली असते. तिनं कितीही प्रदक्षिणा घातल्या तरी मागची, आट्यांची कडी जागची हलत नाही. आणि ही मागची कडी म्हणजे जेमतेम नखाएवढी रुंद. मी हे समजावून सांगितल्यावर त्यानं रबरी चपलेचा तळवा पुढून दाबून फिरवला. चपलेसकट पुढची कडी फिरली. मग त्यानं सांडशी मागितली आणि मी कॅमेरा पदराखाली घेतला. पदर नव्हता, ओढणी होती, पण भाव तोच.

चिरंजीवांनी मोबाइलवर वाचून फ्रीजरचा उपाय काढला: थंडीनं धातू आकसतो, कडी सुटते. दोन्हीकडे अॅल्युमिनियमच असल्यावर दोन्ही सारखंच आकसणार, हे लक्षात येईपर्यंत लेन्स वीस मिनिटं मटार आणि खवलेल्या नारळाच्या मध्ये बसून आली होती. बाहेर काढली तर श्रावणातली दमट हवा, काचेवर दव. आत बुरशी धरेल या धास्तीनं मी रात्रभर तिला तांदळाच्या डब्यात निजवली. सकाळी भाताला पाणी ठेवताना सासूबाईंनी मापटं घातलं आणि डब्यातून लेन्स निघाली. त्या काही बोलल्या नाहीत. तो त्यांचा मोठेपणा.

खालच्या मजल्यावरचे काका सातपूरला तीस वर्षं लेथवर होते. ते आले, चष्मा कपाळावर सारला, कडी नखानं टिचकावली आणि निदान सांगितलं. “अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम. धरणारच. आट्यात पाऊण मिलिमीटरचं अंतर, त्यात धुळीचा एक कण गेला तरी बास. पितळेची रिंग घ्यायची होतीस.”

हे मात्र जिव्हारी लागलं. ज्या गावात तांबट आळी आहे, जिथली तांब्या-पितळेची भांडी लोक बाहेरगावाहून येऊन घेऊन जातात, त्या गावात राहून मी चारशे रुपये वाचवायला अॅल्युमिनियम आणलं! पितळेच्या कड्या अशा सहसा धरत नाहीत म्हणे. काकांनी पुढे “हॅक्सॉनं समोरासमोर दोन खाचा मारू, पट्टी घालून फिरवू” असं सुचवलं. मी त्यांना चहा दिला आणि हॅक्सॉ दारातच ठेवून घेतली.

दुकानात गेले. ‘ठेवून जा, आठवडा लागेल, काच गेली तर आमची जबाबदारी नाही.’ परत आले.

संध्याकाळी सासूबाई मेथी निवडत होत्या. नवरा पुन्हा चिमटीत धरून झटापट करत होता, गाल लाल. त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “कासार कधी बांगडी दाबतो का रे? फुटेल ना. तो हात दाबतो.”

आम्ही दोघंही गप्प झालो. कारण आठवडाभर घरातला प्रत्येक जण बांगडीच दाबत होता. पातळ कडी दोन बोटांत आवळली की ती गोल राहत नाही, अंड्यासारखी लांबट होते आणि आटे उलट आणखी घट्ट चावतात. जितका जोर, तितकी पकड. आणि आमच्याकडे जोराला तोटा नव्हता.

“दे इकडे,” म्हणून सासूबाई उठल्या. स्वयंपाकघराच्या कडीला कोथिंबिरीच्या जुड्यांची रबरं वर्षानुवर्षं लटकलेली असतात. त्यातली दोन जाड बघून काढली, पुढची फिरती कडी सोडून मागच्या दोन्ही कड्यांवर शेजारी शेजारी चढवली. मग पाचही बोटं सगळीकडून सारखी टेकवली, लाडू वळताना टेकवतात तशी, आणि हलकेच डावीकडे वळवलं.

टक.

एवढासा आवाज. नवरा म्हणाला, “मी ढिलं करून ठेवलं होतं.” त्याला मेथीची एक काडी लागली.

सुटलं खरं, पण अर्धंच. लेन्सपासून दोन्ही फिल्टर एकत्र निघाले, एकमेकांना अजून तसेच धरून. काकांच्या सांगण्यावरून लेन्सच्या आट्यांवर मी पेन्सिलीचं शिसं घासलं, म्हणजे पुन्हा ही वेळ नको. जोडीला मात्र हात लावायची कुणाची छाती झाली नाही. ती टीपॉयवर पडून राहिली.

साडेसातला मालिका लागली. सासूबाईंनी सहज म्हणून ती काच डोळ्यासमोर धरली, कडी फिरवली आणि दचकल्या. “अगं, टीव्ही गेला!” गेला नव्हता. एलसीडीच्या पडद्यातून येणारा उजेडही एकाच दिशेला बांधलेला असतो, पोलरायझर आडवा आला की पडदा काळाठिक्कर. त्यांनी कडी उलट फिरवली, मालिका आली. पुन्हा फिरवली, गेली.

तेव्हापासून फिल्टरची जोडी त्यांच्या चष्म्याच्या घरात असते. मालिकेतली ती कपटी सून पडद्यावर आली की त्या काच डोळ्याला लावून शांतपणे तिला काळी करून टाकतात. परवा जरा विचारात पडून मला म्हणाल्या, “सगळं छान आहे गं. पण आवाज नाही का जात यानं?”