मास्तरांच्या वहीतले २०२१चे पान

सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपासून हाकेच्या अंतरावर आमचा कट्टा आहे आणि तो रात्री साडेआठनंतर भरतो. आमच्यातले मास्तर निवृत्त झाल्यापासून एक वही लिहितात. प्रत्येक वर्षाला एक पान, आणि त्या पानावर त्या वर्षी गेलेल्यांपैकी ज्यांना विसरता कामा नये असे मास्तरांना वाटते त्यांची नावे, तारखांसह. पानावर बावीस ओळी आहेत आणि तेविसावे नाव लिहायचे नाही, हा त्यांचा नियम. २०२१चे पान त्यांनी त्या वेळी पेन्सिलीने भरून ठेवले होते. परवा ते शाईने पक्के करावे म्हणून वही कट्ट्यावर आणली आणि वादाला तोंड फुटले.

सुरुवात गोंधळानेच झाली. पूर्व भागातले आमचे कारखानदार शेट एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे नाव का नाही म्हणून रागावले. ते २५ सप्टेंबर २०२०ला गेले, हे मास्तरांनी मागचे पान उघडून दाखवले. मग कोणी पंढरपूरच्या आमदार भारत भालके यांचे नाव काढले, तर तेही नोव्हेंबर २०२०चे निघाले. ती दोन वर्षे सगळ्यांच्याच डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. शेटनी मग तेलुगू गीतकार सिरिवेन्नेला सीताराम शास्त्री यांचे नाव घेतले, आणि ते ३० नोव्हेंबर २०२१चे असल्याने कोणाला हरकत घेता आली नाही. भाईंनी दिलीपकुमारांसाठी जोर लावण्याची गरजच नव्हती, कारण ७ जुलै ही तारीख मास्तरांनी आधीच ठळक लिहिली होती. गणपतराव देशमुखांबद्दल तर कट्ट्यावर दोन मते असणे शक्यच नव्हते. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेला, एसटीने फिरणारा आणि अखेरपर्यंत शेतकरी कामगार पक्ष न सोडलेला हा माणूस ३० जुलैला आमच्याच शहरात गेला.

खरा वाद अण्णांनी पुनीत राजकुमारचे नाव घेतल्यावर सुरू झाला. बाळीवेशीतल्या कन्नड बोलणाऱ्या घरांत २९ ऑक्टोबरच्या त्या दिवशी चूल पेटली नाही, असे अण्णा सांगत होते, आणि शेहेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या त्या नटाच्या अंत्यदर्शनाला बंगळुरात उसळलेली गर्दी आम्ही सगळ्यांनीच दूरदर्शनवर पाहिली होती. मास्तरांनी शांतपणे विचारले, “अण्णा, पुनीत लिहितो. पण सिद्धलिंगय्या तुम्हांला का आठवले नाहीत?” कर्नाटकातल्या दलित संघर्ष समितीच्या संस्थापकांपैकी एक असलेले, ‘होलेमादिगर हाडु’ लिहिणारे हे कवी ११ जून २०२१ला कोरोनानंतरच्या आजारपणात गेले. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते गेल्याचे मला दोन महिन्यांनी कळले, मास्तर.”

मी तोवर ऐकत होतो, पण या उत्तराने मला बोलायला जागा मिळाली. माझे म्हणणे असे की त्या वर्षी माणसाची आठवण किती राहिली, हे त्याच्या कामाइतकेच तो कोणत्या महिन्यात गेला यावरही ठरले. १३ एप्रिलला नागपूरचे वीरा साथीदार गेले, ज्यांना ‘कोर्ट’ चित्रपटातला लोकशाहीर म्हणून देशाने पाहिले आणि ज्यांनी त्याआधी ‘विद्रोही’ मासिकाचे संपादन केले होते. १९ला ‘दोघी’, ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’ देणाऱ्या सुमित्रा भावे गेल्या. २०ला किशोर नांदलस्कर गेले. आठवड्याभरात तिघे, आणि त्याच आठवड्यात, १७ तारखेला, आमच्या जिल्ह्यात पंढरपूरची पोटनिवडणूक होती. त्या दिवसांत आम्ही रोज कोणाच्या ना कोणाच्या बिछान्यासाठी आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी फोन करत होतो; सुमित्राबाई गेल्याची बातमी मी वाचली होती आणि तरीही तिच्यापाशी क्षणभरसुद्धा थांबलो नव्हतो. तेव्हा या पानावर आधी एप्रिल, मे आणि जून भरा, आणि उरलेल्या ओळींत बाकीचे वर्ष बसवा.

वकीलसाहेबांना असे युक्तिवाद मोडून काढण्यात आनंद वाटतो. ते म्हणाले की सुंदरलाल बहुगुणा २१ मेला, ऐन लाटेत, कोरोनानेच गेले, तरी चिपको आंदोलनाचा हा म्हातारा कोणाच्या नजरेतून सुटला नाही. मिल्खा सिंग जूनमधले, तेही सुटले नाहीत. म्हणजे महिना दोषी नाही, लोकांची आवड दोषी आहे, आणि तिला उत्तर म्हणून वहीत राखीव जागा ठेवणे हा काही न्याय नव्हे. मला हे निम्मे मान्य आहे. बहुगुणांचे नाव शाळेच्या पुस्तकात होते, मिल्खा सिंगांवर चित्रपट निघालेला होता; अशा माणसांना कोणताही महिना झाकू शकत नाही. झाकली जातात ती मधल्या उंचीची माणसे. त्यांच्याबद्दल चार जण एकत्र बसून बोलले तरच ती टिकतात, आणि त्या तीन महिन्यांत नेमके चार जणांनी एकत्र बसायलाच बंदी होती.

“काळ निवड करतोच,” वकीलसाहेब पुतळ्यांकडे हात करून म्हणाले. “१९३१ साली देशात किती मोठी माणसे गेली असतील. सोलापूरला हे चौघे आठवतात, त्यासाठी कोणाला वही ठेवावी लागली नाही.”

यावर मास्तर, जे एरवी आवाज चढवत नाहीत, चिडले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी झाली, हे शहराला काळाने नव्हे तर माणसांनी लक्षात ठेवायला लावले, असे ते म्हणाले. कोणीतरी वर्गणी काढली असेल, कोणीतरी जागेसाठी खेटे घातले असतील, आणि दर जानेवारीत कोणीतरी हार आणतो म्हणून आपण इथे बसून ही नावे घेऊ शकतो. वकीलसाहेब यावर काही बोलले नाहीत, पण पटल्याचेही त्यांनी दाखवले नाही.

शेवटी मोजणी झाली तेव्हा नावे सव्वीस भरली. सिरिवेन्नेलांना काढायला शेट तयार नव्हते, पुनीतला काढायला अण्णा तयार नव्हते, आणि नांदलस्करांना विनोदी नट म्हणून गाळावे ही सूचना भाईंनीच हाणून पाडली. मास्तरांनी २०२२चे पान उलटून पाहिले. तिथे वरच ४ जानेवारीला सिंधुताई सपकाळ आणि १७ जानेवारीला एन. डी. पाटील होते, म्हणजे तिकडेही सरकवायला जागा नव्हती. मग त्यांनी वहीच्या शेवटचे कोरे पान काळजीपूर्वक फाडले, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून डिंक आणला, आणि ते २०२१च्या पानाला चिकटवून त्यावर पहिली ओळ शाईने लिहिली: १३ एप्रिल, वीरा साथीदार.