तिठ्यावरची पिवळी गाडी

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीची जिल्हा परिषदेची शाळा नऊ पोरांवर आलीय. ती शेजारच्या गावच्या शाळेत विलीन करायची की नाही, यावरून गावात दोन तट पडलेत. चाकरमानी म्हणतात, शाळा वाचलीच पाहिजे. त्यांच्यातल्या एकाचंही मूल त्या शाळेत नाही. माझंही नाही, मी दुबईत. तेव्हा ‘तू कोण सांगणारा’ हे आधीच विचारून टाका.

एवढंच, की खासगी शाळा मी रोज पाहतो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेने त्यांच्याकडून काय घ्यावं, काय घेऊ नये, ते सांगू शकतो. आमच्यासारख्यांची मुलं इथे खासगीतच जातात आणि फीचा हप्ता आला की घरात शांतता पसरते. मुलीचं नाव घालण्याआधी मी त्या शाळेचा सरकारी तपासणी अहवाल वाचला होता. केएचडीए ही इथली यंत्रणा शाळांचे अहवाल जाहीर करते. विषयवार दर्जा, कुठे कच्चे आहेत, सगळं त्यात असतं. पहिल्या शाळेचा गणिताचा शेरा वाचून आम्ही दुसरी शोधली. आमच्या वाडीतल्या शाळेचा साहेबांनी लिहिलेला शेरा शेरेबुकात असतो आणि शेरेबुक कपाटात.

गणपतीला गेलो तेव्हा वहिनीला विचारलं, चार पावलांवर शाळा असताना पुतण्याला खासगी शाळेच्या पिवळ्या गाडीने का पाठवता?

“भावोजी, तीन वर्षांचा झाला तेव्हा जिल्हा परिषदेकडे त्याच्यासाठी काय होतं? पहिलीपर्यंत घरात बसवू?”

अंगणवाडी होती की. “तिथे खाऊ मिळतो. एबीसीडी नाय.”

माझ्या मते सगळं इथेच ठरतं. इंग्रजी, टाय, बूट हे नंतरचं. खासगीवाला पोराला साडेतीन वर्षांचं असताना धरतो. सव्वासातला गाडी तिठ्यावर येते, पोर आलं नाही तर आईला फोन येतो. एकदा छोट्या गटात बसलेलं मूल पहिलीला उठून जिल्हा परिषदेत कोण घालतं? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकत्र धरलाय, पण अंगणवाडी महिला व बालविकासाकडे आणि पहिली शिक्षण खात्याकडे. दोघींच्या मध्ये आमच्याकडे भिंतसुद्धा नाही, एकच पडवी आहे. तरी अंगणवाडीच्या बाईंनी पोरं अलीकडून पलीकडे आणायची ठरवली तर दोन खात्यांची परवानगी लागेल.

मास्तर मात्र खासगीकडून घेऊ नका. पुतण्याच्या बाई बारावी पास, पगार आठ हजार. वाडीतले गुरुजी डीएड, शिक्षक पात्रतेची टीईटी परीक्षा झालेले. मी गेलो त्या दुपारी ते मोबाइलवर पोषण आहाराचा आकडा भरत होते, रेंजसाठी खिडकीत उभे राहून. दुसरे गुरुजी मतदारयाद्यांच्या कामावर. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला इतर कामाला जुंपायचं नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय. पण त्या सोडलेल्या तिघांत केवढं तरी मावतं. पुतण्याच्या बाईंना असली कामं कुणी सांगत नाही. त्या पाच तास वर्गात असतात, एवढाच त्यांचा वरचष्मा.

विलीनीकरणाला माझा विरोध आहे, पण आठवणींसाठी नाही. पहिली ते पाचवीला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे. नकाशावर शेजारची शाळा त्यात बसतही असेल. मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा आहे आणि जुलैत साकवावरून पाणी जातं, ते नकाशात दिसत नाही. गाडी ठेवली तर ठीक, पण खासगीवाला ठेवतो तशी, रोज, वेळेवर.

यंदा पहिलीला एकच नाव पटावर आलंय. खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा नातू.