गाडीच्या संडासात फिनेल ओता म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात ऐरोलीच्या साडूने तो मेसेज पाठवला आणि दोन दिवसांत तोच आणखी तीन ग्रुपवर फिरून आला, म्हणजे तुमच्याकडेही आला असणार. "मोटरहोमवाल्यांनो, परदेशी केमिकलवर पैसे उधळू नका" अशी सुरुवात आणि खाली सूचना. टाकीत घरचंच टॉयलेट क्लीनर आणि फिनेल टाका, वास आला तर डांबर गोळ्या सोडा, बाटली घ्यायचीच असेल तर बायोडिग्रेडेबल लिहिलेली कुठलीही घ्या, ती सेप्टिक टँकला चालतेच, रिसॉर्टवर पाइप जोडला की व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, टिश्यू वाइप्स काहीही जाऊ द्या, आणि सेप्टिक टँक मंदावला तर यीस्ट आणि गूळ. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी एक कबूल करतो, पैशाबद्दल तो माणूस खोटं बोलत नाहीये. ही केमिकलं (टाकीतला वास आवरायला टाकतात ती) आपल्याकडे महाग पडतात आणि त्याला कारण आपली सवय आहे. कॅसेट टॉयलेटची, म्हणजे काढून नेऊन ओतता येते त्या संडासाची, टाकी असते १७ ते २० लिटरची, आणि आपण पडलो धुणारी माणसं, जेट दाबला की लिटर दीड लिटर पाणी कुठे गेलं कळत नाही. कागद वापरणाऱ्यांची जी टाकी दोन तीन दिवस पुरते ती आमच्या चौघांच्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळीच भरलेली असते. टाकी रिकामी केली की पुन्हा नवा डोस, म्हणजे बाटली दुपटीने संपणार. मग माणूस फिनेलकडे वळतो, मीही वळलो होतो, त्याची गोष्ट पुढे सांगतो.

आता पहिला मुद्दा, "घरच्या संडासाला चालतं ते गाडीलाही चालतं". नाही चालत, कारण घरी आपण क्लीनर टाकतो, घासतो, आणि बादलीभर पाणी ते घेऊन जातं. गाडीत ते कुठेच जात नाही, तुमच्या बुडाखाली दोन फुटांवर बंद डब्यात बसून राहतं. हार्पिकसारख्या क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, त्यात कोणी "जंतू मरू देत" म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली की क्लोरीन वायू सुटतो. घरच्या संडासाला निदान खिडकी असते, गाडीत आपण डासांमुळे सगळ्या काचा लावून झोपलेलो असतो. नुसतं ब्लीच टाकलं तरी लघवीतल्या अमोनियाबरोबर क्लोरामाइन तयार होतं, तेही डोळ्याला आणि छातीला लागतं. शिवाय टाकीच्या झाकणाला जो रबरी सील असतो तो अ‍ॅसिडने आणि ब्लीचने कडक होतो, मग गळती, आणि ती गळती कुठे होते ते मी जेवायच्या वेळी लिहीत नाही.

"जेवढं फिनेल जास्त तेवढा वास कमी" हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच डोक्यात पक्कं बसतं. काळं फिनेल जंतू मारतं, जंतू मेले की सडणं थांबतं, सडणं थांबलं की वास थांबतो. जुन्या पद्धतीची निळी केमिकलंही हेच करतात. टाकीपुरतं बोलायचं तर काम होतं, नाही असं नाही, पण ती टाकी तुम्ही रिकामी कुठे करणार?

आपल्याकडे मोटरहोमसाठी डंप पॉइंट, म्हणजे टाकी रिकामी करायच्या खास जागा, अशा फारशा नाहीत. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं, पण अजून बहुतेक वेळा आपण कोणाच्या तरी फार्महाउसच्या नाहीतर होमस्टेच्या संडासातच कॅसेट ओततो. आणि तिथे खाली असतो सेप्टिक टँक. पाच माणसांच्या घराचा टँक म्हणजे हजार दीड हजार लिटरच्या आसपास. त्यात मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरतं. तळाचा मैला हळूहळू जिरवायचं काम हवेशिवाय जगणारे जंतू करतात, फुकट, चोवीस तास. तुमच्या २० लिटरमध्ये आठ दिवस पुरेल एवढं फिनेल असेल तर ते त्याच जंतूंच्या डोक्यावर पडतं. जंतू मंदावले की मैला जिरत नाही, गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि मातीची छिद्रं बुजवतो. मग मैला उपसणारी गाडी लवकर बोलवावी लागते, किंवा, जे कायद्याने २०१३ पासून गुन्हा आहे तरी होतं, विनासाधनाचा एखादा माणूस आत उतरवतात.

तर माझी गोष्ट. टेम्पो ट्रॅव्हलर मॉडिफाय करून घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात आम्ही मुरबाडकडे एका ओळखीच्यांच्या वाडीवर सलग तीन वीकेंड गेलो. टाकीत अर्धी बाटली काळं फिनेल, मी खूश, गाडीत वास नाही. तिसऱ्या वेळी तात्या (वाडी ते सांभाळतात) म्हणाले, "साहेब, तुम्ही येऊन गेलात की मागच्या खड्ड्याकडे उभं राहवत नाही." आता माझ्या तीन कॅसेटींनीच सगळं झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पावसात शोषखड्डे तसेही तुंबतात. पण त्यांची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर होती आणि त्यानंतर मी फिनेल बंद केलं.

डांबर गोळ्यांबद्दल फार लिहीत नाही. त्या नॅप्थलीनच्या असोत की पॅराडायक्लोरोबेंझीनच्या (मुतारीत टाकतात त्या वड्या बऱ्याचदा याच्याच), वास दाबतात, कुजवत काही नाहीत, आणि त्यांची वाफ बंद गाडीत आपणच ओढतो. जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या मुलांना नॅप्थलीनने रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. गाडीत नकोच.

आता खरा मुद्दा, बायोडिग्रेडेबल. यात फॉरवर्डवालाच नाही, दुकानदारही फसवतात आणि आपणही फसतो. बायोडिग्रेडेबल म्हणजे ती वस्तू कधी ना कधी जंतू खाऊन संपवतात. कधी, किती पातळ झाल्यावर, हवा असताना की नसताना, हे त्या शब्दात नाही. फॉर्मल्डिहाइडच घ्या, प्रेतं टिकवायला वापरतात ते. भरपूर पाण्यात पातळ झालं तर जंतू तेही खातात, म्हणजे शब्दशः तेही बायोडिग्रेडेबलच! पण छोट्या टँकमध्ये एकदम घट्ट ओतलं तर खाणारेच आधी मरतात. म्हणून पुढचा शब्द सोडा आणि बाटली फिरवून मागचं बारीक वाचा. फॉर्मल्डिहाइड, ग्लुटराल्डिहाइड, ब्रोनोपॉल, बेंझाल्कोनियम क्लोराइड, यातलं काही दिसलं तर ती बाटली सेप्टिक टँकसाठी नाही. फॉर्मल्डिहाइड, ब्रोनोपॉल आणि पॅराडायक्लोरोबेंझीन ही नावं अमेरिकेच्या ईपीएनेही (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) मोटरहोमवाल्यांना टाळायला सांगितली आहेत. घटकच छापले नसतील तर सरळ ठेवून द्या. आणि रंगावर जाऊ नका, हिरवा रंग कोणीही घालू शकतो. एन्झाइम, जंतू किंवा नायट्रेटवर चालणारी आणि "सेप्टिक टँकसाठी योग्य" असं स्पष्ट लिहिलेली बाटली बघा. हवेविना कुजतं का हे तपासायची आयएसओ ११७३४ नावाची चाचणी आहे, तिचा उल्लेख असला तर आणखी बरं. एक तोटा सांगतो, एप्रिल मे मध्ये ही एन्झाइम आणि जंतूवाली मंडळी लवकर दमतात. उन्हात उभ्या गाडीत टाकी तापते आणि वास लवकर येतो. तेव्हा डोस वाढवत बसण्यापेक्षा टाकी लवकर रिकामी करा.

खरं सांगू का, एका रात्रीच्या ट्रिपला मी आता काहीच टाकत नाही. सुरुवातीला दोन तीन लिटर साधं पाणी, जेटऐवजी छोटा मग, आणि २४ तासांच्या आत रिकामी. हे त्या फॉरवर्डच्या फिनेलपेक्षाही स्वस्त आहे. टाकीत लघवीचा पांढरा थर जमला तर लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड, कोमट पाण्यात टाकून काही तास ठेवायचं आणि धुवायचं, त्याच्याबरोबर ब्लीच अजिबात नाही. सीलला सिलिकॉन स्प्रे, व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं.

घरी येऊन रिकामी करणाऱ्यांसाठी थोडं. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत स्वतःचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) आहे, बऱ्याच मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये असतो, आणि त्याचं पाणी बागेला जातं. तिथेही जंतूच काम करतात, फक्त दोनशे घरांच्या पाण्यात तुमचे २० लिटर पातळ होतात, त्यामुळे फार्महाउसएवढी भीती नाही. तरी हळूहळू ओता आणि मध्ये मध्ये फ्लश करा. चाकं आणि हँडलवाली कॅसेट लिफ्टमधून नेताना वॉचमनकाका दर वेळी विचारतात "सर, गावाला निघालात?" आणि मी हो म्हणतो.

व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा सल्ला फिक्स टाकीवाल्यांसाठी (गाडीलाच बसवलेली, पाइपने रिकामी होणारी टाकी) आहे आणि तो उलटा आहे. पाणी वाहून जातं, घट्ट माल तिथेच वाळून ढीग होतो, मग बांबू घेऊन बसा. टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या आणि मग एकदम सोडा.

वाइप्स, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेले असले तरी, कचऱ्याच्या पिशवीत. टिश्यूची परीक्षा घरी करता येते, बरणीत पाणी घ्या, एक तुकडा टाका, झाकण लावून जोरात हलवा. चिंध्या झाल्या तर चालेल, अख्खाच तरंगत राहिला तर तो टाकीत जाऊन तसाच राहणार. वाइप्सचा तुकडा टाकून बघा एकदा, दुसऱ्या दिवशीही तसाच असतो.

राहिला यीस्ट आणि गूळ. माणसाच्या मैल्यातच लागतील तेवढे जंतू असतात, टँकला बाहेरून आमंत्रण लागत नाही, त्यांना मारलं नाही म्हणजे झालं. ईपीएचंही हेच म्हणणं आहे की नीट चाललेल्या टँकला असलं काही टाकायची गरज नसते. साडूला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, गूळ मी आधीच टाकलाय, आता मुंग्या येतायत, त्यांना काय टाकू?