ताई, आकाश सकाळचं छापलं गेलं, चूक आमचीच

नमस्कार ताई,

आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुम्ही आमच्याकडून लग्नाच्या मुहूर्ताच्या आकाशाचा तारानकाशा करून घेतलात. आता तुम्ही लिहिलंय की शेजारच्या काकांच्या मते आकाश चुकीचं आहे, पूर्व-पश्चिम उलटी आहे, काचेत घरची ट्यूबलाइटच दिसते, आणि आम्ही गुगलवरचं चित्र फ्रेम करून दिलंय. वाचल्यावर लगेच तुमची ऑर्डर काढून बघितली. शेजारच्या काकांचं बरोबर आहे.

तुम्ही लग्नपत्रिकेचा फोटो पाठवला होता. कोपऱ्याला कुंकवाचं बोट आणि खाली स्पष्ट 'सायं. ७ वा. ५ मि.' आम्ही सॉफ्टवेअरमध्ये भरलं सकाळचं ७.०५. तारखेत एका दिवसाची चूक झाली असती तर त्याच वेळेचे तारे जेमतेम एक अंश सरकले असते. बारा तासांत पृथ्वी अर्धी फिरते, आख्खं आकाशच पालटतं. डिसेंबरात संध्याकाळी सातला सांगलीहून सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, आणि तुमच्या नकाशात ते उत्तरेला चांगले वर चढलेत. काकांनी नेमकं तेच पकडलं. त्यात सकाळी ७.०५ ला सूर्य उगवलेला, म्हणजे आम्ही छापलेलं आकाश त्या दिवशी कुणालाच दिसलेलं नाही.

जास्त वाईट याचं वाटतं की खरं आकाश फार देखणं होतं. डिसेंबर २००० मध्ये गुरू आणि शनी दोघंही पूर्वेला, कृत्तिका-रोहिणीच्या शेजारी होते. हे दोन ग्रह असे जवळ यायला साधारण वीस वर्षं लागतात. नैऋत्येला शुक्र, डोक्यावर भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन, उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूह, आणि मृग नुकता उगवत होता. अक्षता पडल्यावर कुणी कार्यालयाच्या अंगणात येऊन मान वर केली असती तर हे सगळं दिसलं असतं. तुम्हाला आई-बाबांच्या हातात द्यायचं होतं ते हे.

पूर्व-पश्चिमेचं मात्र सांगायला हवं, कारण नवीन नकाशातही पूर्व डावीकडेच असेल. जमिनीचा नकाशा आपण खाली बघून वाचतो, आकाशाचा वर बघून. दक्षिणेकडे तोंड करा, 'दक्षिण' लिहिलेली कड पुढे ठेवून फ्रेम डोक्यावर धरा. पूर्व बरोबर तुमच्या डाव्या हाताला येते. हे फ्रेमच्या पाठीमागे छापून द्यायला हवं होतं, ते आता देतोय.

काचेचं म्हणणं मान्य. गडद निळ्या कागदावर साधी काच म्हणजे आरसाच. यावेळी नॉन-ग्लेअर काच घालतो. तरी फ्रेम दिव्याच्या आणि खिडकीच्या समोरासमोर लावू नका. उन्हाने रंगही उडतो.

गुगलच्या चित्राबद्दल एवढंच: प्रत्येक नकाशा आम्ही त्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून काढतो. सांगली साधारण १६.८५ उत्तर, ७४.६ पूर्व. ध्रुव अक्षांशाइतकाच वर दिसतो, म्हणून इथे तो क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर येतो, तुमच्या फ्रेममध्येही तो तिथेच आहे. वेळ चुकली म्हणून सगळंच खोटं दिसलं, तुमचा राग मी समजू शकतो.

तुमचे पूर्ण पैसे आज परत पाठवलेत. नवीन नकाशाचे काही घेणार नाही. तुमच्यामुळे जुन्या ऑर्डरी पुन्हा चाळल्या, आणखी एका घरचा मुहूर्त असाच उलटा निघाला, त्यांनाही फोन केला. आता फॉर्मवर सकाळ की संध्याकाळ हे लिहिल्याशिवाय ऑर्डर पुढे जात नाही.

रविवारी फोन करून घरी येतो. आधी नुसता कागद आणेन, काच न बसवता. काकांना बोलावून ठेवा. त्यांनी बघून हो म्हटलं की मगच फ्रेम करतो.