‘ऑनलाइन घेतले की हक्क संपला’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

चतुर्थीची खरेदी सुरू झाली की गोव्यातील सोसायट्यांच्या आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश पुन्हा डोके वर काढतो. ऑनलाइन बाजारपेठेतून वस्तू घेणाऱ्यांना सावध करण्याचा त्याचा आव आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ऑनलाइन बाजारपेठ ही केवळ मध्यस्थ असल्यामुळे तिच्यावर कसलीही जबाबदारी नसते, ‘नो रिटर्न’ लिहिलेली वस्तू कोणत्याही कारणाने परत करता येत नाही, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकलीच जात नाही, ओटीपी दिला की वस्तू स्वीकारली असे धरले जाते, एमआरपीवर डिलिव्हरीचे पैसे घेणे मात्र गुन्हा आहे, कारण टपाल खाते तेच काम १९ रुपयांत करते, शिवाय कारण न सांगता सात दिवसांत वस्तू परत करण्याचा हक्क सरकारने दिला आहे, आणि भांडायचेच असेल तर कंपनीचे मुख्यालय असलेल्या बंगळुरूला किंवा दिल्लीला जावे लागते.

यातील दुसरे आणि सहावे विधान एकमेकांच्या विरुद्ध आहे, हे संदेश पुढे ढकलणाऱ्या कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्ही एकाच गफलतीतून निघाली आहेत. वस्तू का परत करायची आहे, हा प्रश्न संदेशाने कुठेच विचारलेला नाही. मन बदलले म्हणून परत करणे आणि वस्तू सदोष, बनावट, वर्णनाहून वेगळी किंवा उशिरा आली म्हणून परत करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत विक्रेत्याने जाहीर केलेले धोरण चालते, दुसरीत कायदा चालतो.

म्हणून ‘नो रिटर्न’चा मुद्दा आधी घेतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखाली २३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्सचे नियम अधिसूचित झाले. त्यांतील सहाव्या नियमाप्रमाणे बाजारपेठेवरील विक्रेत्याला वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, अथवा ती सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा उशिरा पोहोचली असेल, तर ती परत घेण्यास किंवा घेतलेले पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत एकच अपवाद आहे, आणि तो म्हणजे विक्रेत्याच्या आवाक्याबाहेरची आपत्ती. मुसळधार पावसात दरड कोसळून अनमोडचा किंवा चोर्ल्याचा घाट बंद पडला आणि ट्रक पलीकडेच अडकले, तर हा अपवाद लागू होऊ शकतो; गोदामात माणसे कमी होती किंवा सणाची गर्दी होती, ही कारणे माझ्या मते त्यात बसत नाहीत, कारण चतुर्थी कधी आहे हे विक्रेत्याला वर्षभर आधी ठाऊक असते. गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीभोवती सोडायच्या दिव्यांच्या माळा विसर्जनानंतर घरी आल्या, तर त्या परत करण्याचा आधार ‘नो रिटर्न’च्या दोन शब्दांनी पुसला जात नाही. फक्त मागणी नोंदवताना पडद्यावर दिसलेली डिलिव्हरीची तारीख त्याच वेळी स्क्रीनशॉट घेऊन ठेवावी, कारण उशीर झाला की ॲपमधली तारीख गुपचूप पुढे सरकते आणि मूळ तारखेचा मागमूस राहत नाही.

‘सात दिवसांत कारण न देता’ हा हक्क मात्र भारतीय कायद्यात कुठेही नाही. सात किंवा दहा दिवसांची जी मुदत वस्तूच्या पानावर दिसते, ती विक्रेत्याने किंवा बाजारपेठेने स्वतःहून दिलेली सवलत असते, आणि ती वस्तूगणिक बदलते. कायद्याच्या कलम २(४७) मध्ये ३० दिवसांचा उल्लेख आहे खरा, पण तो सदोष मालापुरता आहे: बिलावर मुदत दिलेली नसेल, तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. साडीचा रंग घरातल्या उजेडात आवडला नाही, तर या कलमाचा उपयोग नाही. छायाचित्रातली साडी रेशमी म्हणून विकली आणि आली ती पॉलिस्टरची, तर आहे. हा फरक ज्याला कळला नाही तो ग्राहक कस्टमर केअरशी नको त्या मुद्द्यावर तासन्‌तास भांडतो आणि त्याच्या हातातला खरा मुद्दा तसाच पडून राहतो.

बाजारपेठ केवळ मध्यस्थ आहे, या विधानात अर्धे सत्य आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थाला संरक्षण आहे, पण ते सशर्त आहे, आणि ज्या बाजारपेठेला ते हवे आहे तिने त्या कलमातील अटी पाळल्याच पाहिजेत, असे ई-कॉमर्स नियमच सांगतात. त्याशिवाय विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ग्राहकसेवा क्रमांक दाखवणे, तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे, एका महिन्यात ती निकाली काढणे आणि प्रत्येक तक्रारीला तिचा माग घेता येईल असा क्रमांक देणे, ही बाजारपेठेची स्वतःची कर्तव्ये आहेत. विक्रेत्याकडे बोट दाखवून ती टळत नाहीत. खरेदीनंतर लेखी मागणी केल्यास विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा आणि शाखांचा पत्ता ग्राहकाला द्यावा लागतो, ही तरतूद फारच थोड्यांना माहीत आहे आणि त्याहून थोडे ती वापरतात.

या संदर्भात प्रेशर कुकरचे प्रकरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. आयएसआय चिन्ह नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोन्ही बाजारपेठांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड केला. पहिलीच्या २,२६५ आणि दुसरीच्या ५९८ कुकरांच्या खरेदीदारांना कळवून, कुकर परत घेऊन पैसे द्यावेत, असा आदेश होता. या आदेशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, हेही सांगितले पाहिजे. तरीही कुकर बाजारपेठेने स्वतः बनवले नव्हते आणि स्वतः विकलेही नव्हते, असे असताना प्राधिकरणाने तिला जबाबदार धरले. ‘मध्यस्थाला कोणी हात लावू शकत नाही’ म्हणणाऱ्यांनी या प्रकरणाचे उत्तर द्यावे.

व्हिडिओच्या मुद्द्यावर फार बोलण्यासारखे नाही. व्हिडिओ हा पुरावा आहे. तो असला तर उत्तम, पण तो नसेल तर तक्रारच करता येत नाही, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. विक्रेत्याने आपल्या अटींत तसे लिहिले म्हणून त्याला कायद्याचे बळ येत नाही. खोक्याची आणि चिकटपट्टीची छायाचित्रे, तक्रारीचा ईमेल, त्यावर आलेली उत्तरे, हे सारे पुरावेच आहेत. एक गोष्ट लोक हमखास फेकून देतात, ती म्हणजे खोक्यावरचे कुरिअरचे लेबल. पुष्कळदा त्यावर पार्सलचे वजन छापलेले असते. दोन किलोचे पार्सल म्हणून निघालेले खोके घरी आले तेव्हा रिकामे किंवा साबणाच्या वड्यांनी भरलेले असेल, तर शेजारच्या वाण्याच्या काट्यावर त्याचे वजन करून काट्यासह आणि लेबलासह घेतलेले छायाचित्र व्हिडिओइतकेच बोलके ठरते.

ओटीपीचा मुद्दा मात्र गोव्यात अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. दिवाडी बेटावर राहणाऱ्या माझ्या मावशीने मिक्सर मागवला होता. ठरलेल्या दिवशी ती दिवसभर घरात होती, आणि संध्याकाळी ॲपवर ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ अशी नोंद उमटली. दुसऱ्या दिवशी फोन आला, की फेरीबोटीने पलीकडे येणे जमणार नाही, तुम्हीच जुन्या गोव्याच्या धक्क्यावर या, आणि तोपर्यंत ओटीपी फोनवरच सांगून ठेवा. तिने ओटीपी दिला नाही, हे बरे केले. ओटीपीने सिद्ध होते ते एवढेच, की एक खोके हस्तांतरित झाले. त्यात काय आहे, कसे आहे, याला दिलेली ती संमती नव्हे, आणि आत निघालेल्या दोषाबद्दलचा हक्क त्याने जात नाही. पण खोके हातात नसताना दिलेला ओटीपी हस्तांतरणाचाही खोटा पुरावा निर्माण करतो, आणि मग खोके मिळालेच नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात पडते. चोडण, दिवाडीसारख्या बेटांवर आणि सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर पोहोचणे कुरिअरला महाग पडते, हे मान्य. तसे असेल तर त्या पिनकोडची मागणी आधीच नाकारावी. घरपोच म्हणून मागणी स्वीकारली, त्याचे पैसे घेतले, की घरापर्यंत पोहोचवणे हा कराराचाच भाग झाला. मावशीने ‘उपलब्ध नव्हता’ ही नोंद आणि त्या दिवशी एकही फोन न आल्याची कॉलची यादी जोडून तक्रार केली, आणि मिक्सर तिसऱ्या दिवशी दारात आला.

आता एमआरपी आणि डिलिव्हरी शुल्क. छापील किमतीपेक्षा जास्त दराने पॅकबंद वस्तू विकता येत नाही, हे वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांप्रमाणे खरे आहे. पण घरी पोहोचवणे ही निराळी सेवा आहे आणि तिचे पैसे वेगळे दाखवून घेता येतात. ई-कॉमर्स नियमांतच टपाल, हाताळणी आणि वाहतूक शुल्काचा उल्लेख आहे: एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी, आणि तिच्यात काय काय धरले आहे त्याची फोड द्यावी. परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे.

टपाल खात्याचा १९ रुपयांचा दर कुठून आला, तेही सांगतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या स्पीड पोस्टच्या दरपत्रकात ५० ग्रॅमपर्यंतच्या स्थानिक टपालाला १९ रुपये आहेत, त्यावर जीएसटी वेगळा. तो कागदपत्रांचा दर आहे. त्याच वजनाचे पाकीट स्थानिक क्षेत्राबाहेर पाठवले, की दर ४७ रुपये होतो. पुण्याहून फोंड्याला येणाऱ्या खोक्याची तुलना पणजीतल्या पणजीत फिरणाऱ्या पाकिटाशी करण्यात काहीच अर्थ नाही. शिवाय पार्सलचा दर केवळ वजनावर ठरत नाही. कुरिअरवाले साधारणपणे खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि जे किलो येतील ते प्रत्यक्ष वजनाशी ताडून मोठा आकडा धरतात. घडी न होणारा आकाशकंदील ६०० ग्रॅमचा असेल, पण त्याचे खोके ४० बाय ४० बाय ३५ सेंटिमीटरचे असले, तर हिशेब ११.२ किलोचा होतो. अशा वस्तूला दीडशे रुपये शुल्क लावले म्हणून लूट झाली, असे म्हणता येणार नाही.

लूट होते ती निराळ्या जागी. वस्तूच्या पानावर ३९९ रुपये दाखवायचे, पत्ता भरून घ्यायचा, आणि पैसे देण्याच्या शेवटच्या पायरीवर हाताळणी, प्लॅटफॉर्म, पॅकेजिंग अशी एकेक रक्कम चढवायची. किंवा न विचारता विमा अथवा देणगी टोपलीत टाकायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या रचना नमूद करून त्यांना मनाई केलेली आहे, आणि शेवटी शेवटी किंमत वाढवत नेणे व टोपलीत परस्पर वस्तू सरकवणे या दोन्ही त्यांत आहेत. आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेतलेली संमती ई-कॉमर्स नियमांनुसारही संमती नव्हे. घरी वस्तू आल्यावर रोख पैसे देणाऱ्यांकडून जादा रक्कम घेण्याच्या प्रकाराची चौकशी सुरू असल्याचे केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले होते. संदेशाने खऱ्या दुखण्यावर बोट ठेवायचे तर ते इथे होते.

वस्तू सदोष निघाली तर डिलिव्हरीचे पैसेही परत मिळावेत का? बाजारपेठा बहुधा ते कापून घेतात. माझे मत असे, की नियमात परत करायचा तो मोबदला, आणि एकूण किंमत जर नियमानेच एका आकड्यात धरली आहे, तर मोबदला म्हणजे तो संपूर्ण आकडा. मागवली तशी वस्तू आलीच नाही, तर ती पोहोचवण्याचे शुल्क कशाचे? तक्रारीत ही रक्कम वेगळी लिहून मागावी. न मागितलेले पैसे आपणहून कोणी देत नाही.

राहिला मुख्यालयाचा मुद्दा, आणि सर्वांत जास्त लोक थबकतात ते इथेच. ‘वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात’ असे अटींत लिहिलेले असते. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे त्याला जाता येते. म्हणजे पेडण्याच्या ग्राहकाला उत्तर गोवा आयोग आणि मडगावच्या ग्राहकाला दक्षिण गोवा आयोग मोकळा आहे. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच होते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि व्हिडिओद्वारे सुनावणीची मागणीही करता येते. तीन महिन्यांत निकाल लावावा, असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, हे जमेस धरूनच आत शिरावे. आठशे रुपयांच्या वस्तूसाठी म्हणूनच आधी बाजारपेठेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे, आणि महिनाभरात काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. तिथे मराठीत बोलता येते, आणि बरीच प्रकरणे आयोगापर्यंत न जाता मिटतात. जी मिटत नाहीत, त्यांच्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि हेल्पलाइनवर गेलेले दिवस त्यातून आपोआप वजा होत नाहीत.