संत मार्टिनची रदबदली

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. कुठल्याशा कॉलेजच्या पोराने देवाबद्दल काहीतरी लिहिलं आणि माझा चुलतभाऊ म्हणतो, "असल्यांना फासावरच लटकवा." मी हरकत घेतली, तर काकांचा टोला: "तुझ्या युरोपात चर्चने माणसं जाळली. तू आम्हाला शिकवू नकोस."

जाळली, खरं आहे काका. पण सुरुवात मी राहतो त्या जर्मनीतल्या ट्रियरमध्येच झाली, तीही ऐका. इ.स. 385च्या सुमारास रोमन सम्राट मॅक्सिमसचा दरबार इथे होता. स्पेनचा बिशप प्रिसिलियन याला पाखंडी ठरवून त्याच्यापुढे आणलं, आणि हात धुऊन मागे लागलेले बिशपच होते. आजच्या फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप मार्टिन मध्ये पडला. प्रिसिलियनचा पंथ त्यालाही पटत नव्हता. तरी त्याचं म्हणणं, चर्चमधून काढा पण जीव घेऊ नका, आणि धर्माचा निवाडा राजाने करू नये. रक्त सांडणार नाही असा शब्द घेऊनच तो ट्रियरहून निघाला. तो गेल्यावर जादूटोण्याचा आरोप लावून प्रिसिलियनचं मुंडकं उडवलं.

मार्टिन पुन्हा आला. आता प्रिसिलियनच्या अनुयायांना हुडकायला स्पेनमध्ये सैन्याचे अधिकारी जाणार होते. ते थांबवायचं तर त्याच बिशपांबरोबर उपासनेला बसायची अट. तो बसला. पण ते त्याच्या इतकं जिव्हारी लागलं, की 397मध्ये मरेपर्यंत तो बिशपांच्या एकाही सभेला गेला नाही. त्याचा चरित्रकार सुल्पिसियस सेव्हेरसने हे लिहून ठेवलंय.

इथे 11 नोव्हेंबरला किटातली, म्हणजे बालवाडीतली, पोरं कंदील घेऊन निघतात, पुढे घोड्यावर लाल झग्यातला मार्टिन, शेवटी ब्रेझेल, म्हणजे पिळाचा पाव. माझ्या मुलीला आमियँच्या वेशीवर भिकाऱ्याला दिलेला अर्धा झगा तोंडपाठ आहे. दरबारातला मार्टिन तिला मीच सांगतो.

आणि आपल्याकडचंच बघा. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या ते रामेश्वरभट्ट, असं सांगतात. पुढे त्यांनीच तुकोबांची आरती रचली, आणि काका ती रोज म्हणतात.

मार्टिनही उपराच. जन्म आजच्या हंगेरीतला, वाढला इटलीत पाव्हियाला, बिशप झाला गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये. मला तर दोन्हीकडे बाहेरचा म्हणतात. इथे मत नाही, तिथे यादीत नाव असून मतदानाला येणं होत नाही. हे मला सलतं, आणि काकांना ते नेमकं ठाऊक आहे. तरी पासपोर्ट भारताचाच ठेवलाय, आणि फाशीची भाषा निघाली की मी लिहिणारच.